'गहू सोसत नाही': भोर-वेल्ह्यात बाहेर जेवताना

(भागाचं शब्दांकन. बोलतानाचे अडखळे आणि मधला चहाचा ब्रेक काढलाय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की तू गहू खात नाहीस तर ट्रेकला गेल्यावर जेवतेस काय? एकानं तर विचारलं, "पुण्यात ग्लुटेन फ्री कॅफे आहेत, पण वेल्ह्यात काय?" म्हणून आजचा भाग पुण्याच्या कॅफेंबद्दल नाही. तिथं दोनशे रुपयांना एक बिस्कीट मिळतं, खाऊन बघा, संपला विषय. आज मी भोर आणि वेल्ह्याबद्दल बोलणारे. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडातून वेल्हंच येतं, समजून घ्या. आईचं माहेर भोर तालुक्यात नीरा-देवघरच्या बाजूला आहे आणि माझे निम्मे शनिवार-रविवार राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी जातात, त्यामुळे बाहेर जेवायचा माझा सगळा अनुभव या पट्ट्यातला आहे.

आधी एक प्रसंग सांगते. गेल्या पावसाळ्यात ऑफिसचे आम्ही सात जण मढे घाटाकडे निघालो होतो. सातारा रस्त्यावर सकाळी एका मोठ्या हॉटेलात थांबलो. नाव घेत नाही, नाव घेऊन उपयोगही नाही, कारण हे कुठेही झालं असतं. मेनूकार्डावर एक चौकट होती, 'मिलेट स्पेशल', आणि नाचणीच्या भाकरीपुढे हिरव्या पानाचं चित्र काढून लिहिलं होतं 'ग्लुटेन फ्री'. मी खूश. वेटरला तरी विचारलं, "यात गहू नाही ना?" तो म्हणाला, "नाही मॅडम, लिहिलंय ना." भाकरी आली. मऊ, गोल, अगदी एकसारखी. घडी घातली तरी तुटेना. मला तिथंच कळायला हवं होतं. पण सहा जण भुकेले, सगळ्यांच्या प्लेटा आल्यात, आणि मी भाकरीकडे डिटेक्टिव्हसारखी बघत बसणार? खाल्ली.

केळदच्या आसपास गाडी दोनदा थांबवावी लागली. बाकीच्यांनी धबधबा बघितला, मी गाडीत पाय पोटाशी घेऊन पडून होते. पुढचे तीन दिवस डोकं असं, की स्वतःच लिहिलेला कोड वाचून कळेना.

परत येताना मित्रानं तिथं गाडी थांबवली आणि आत जाऊन विचारलं. भांडायला नाही, नुसतं विचारायला. आतला आचारी सरळ माणूस होता. म्हणाला, "नुसत्या नाचणीची लाटता येत नाय साहेब, तुटती. थोडी कणीक टाकावीच लागती."

बघा, आचाऱ्याला माहीत होतं. वेटरला माहीत नव्हतं. मेनूकार्ड छापणाऱ्याला तर काहीच माहीत नव्हतं.

आता थोडक्यात आजाराचं सांगते, कारण अजून लोकांना वाटतं की हे वजन कमी करायचं फॅड आहे. मला सीलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. ही ॲलर्जी नाही. पुरळ उठत नाही, घसा सुजत नाही. कधीकधी तर काहीच जाणवत नाही आणि आत नुकसान चालूच असतं. औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, एवढाच इलाज.

माझं हिमोग्लोबिन ७.४ होतं. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, ढिम्म हललं नाही. हललं नाही कारण लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि माझा नेमका तोच भाग सपाट झाला होता. पण दोन वर्षं ऐकलं काय? "या वयात मुलींना असतंच. पालक खा. बीट खा." शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी, बायॉप्सी. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. इथं एक गोष्ट कामाची सांगते: कुणाला शंका असेल तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. गहू बंद केला की रक्तातली खूणही हळूहळू पुसली जाते आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य.

आणि किती थोड्यानं बिघडतं? हा हिशेब मी डोक्यात ठेवते. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर एफएसएसएआयच्या नियमानं किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांचं आतडं टिकतं, असं धरतात. आता एक चपाती घ्या. तीस ग्रॅम कणीक, त्यात अंदाजे अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन. म्हणजे एका चपातीचा अडीचशे-तीनशेवा भाग झाला की माझा दिवसाचा कोटा संपला. एक चुरा. परातीच्या कडेला वाळून चिकटलेली कणीक असते ना, तेवढी.

म्हणून बाहेर जेवताना माझा प्रश्न 'तुमच्याकडे काय मिळतं' हा नसतोच. कशाला काय लागलं, हा असतो. खरं तर पदार्थांच्या यादीत आपला हा भाग माझ्यासाठी स्वर्ग आहे. भाताचा मुलूख. इंद्रायणी, आंबेमोहोर. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, ताक, कुळथाचं शेंगोळं... नाही, शेंगोळं नाही, त्यात बरेच जण कणीक घालतात. बघा, मलाही बोलता बोलता आठवावं लागतं.

इंद्रायणीवरून आठवलं. एका काकांनी मला अगदी काळजीनं सांगितलं, "इंद्रायणी नको खाऊस, तो चिकट असतो, त्यात ग्लुटेन असणार." चिकटपणा पिष्टाचा असतो हो, ग्लुटेनचा नाही. तांदूळ कितीही चिकट असू दे, मला चालतो. वडगाव मावळच्या केंद्रात ज्यांनी इंद्रायणी तयार केला त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

तर यादी उत्तम. घोटाळा होतो तो यादीच्या बाहेर. सगळ्यात मोठा घोटाळा गिरणीत.

गावातल्या गिरणीत सकाळपासून गहू पडतोय. मधेच कुणीतरी पाच किलो तांदूळ घेऊन येतं. गिरणीच्या दगडांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीच्या गव्हाचं पीठ बसलेलं असतं. पहिले दोन-तीन किलो तांदळाचं पीठ म्हणजे खरं तर तांदूळ अधिक गहू. आणि गंमत काय आहे माहितीये? हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गिरणीत गेल्यावर आई काय सांगते? "दादा, गव्हावर गहू दळा हं. ज्वारीवर नको." का? चपात्या बिघडतात म्हणून. उपवासाची भाजणी तर कितीतरी ठिकाणी वेगळ्या चक्कीवर दळतात. ऑफिसात मी 'क्रॉस कंटॅमिनेशन' हा शब्द समजावून समजावून थकले होते, आणि आजीला एका वाक्यात कळलं. मी म्हटलं, "आजी, मला तांदळावर तांदूळ दळलेलंच चालतं." आजी म्हणाली, "मग तसं सांग की."

दुसरा घोटाळा परात आणि पोळपाट. ग्लुटेन म्हणजे कणकेतला तो ताण, ज्यामुळे चपाती लाटता येते, ओढली तर लांबते. भाकरीच्या पिठात तो ताण नाही, म्हणूनच ती थापायची असते, म्हणूनच तिच्या कडेला चिरा जातात. मघाचा आचारी खोटं नव्हता बोलत. चांगली थापणारी बाई हॉटेलला परवडत नाही, लाटणारा पोऱ्या परवडतो, मग पिठात कणीक आलीच. त्यामुळे माझा ढोबळ नियम झालाय: भाकरी हातानं थापलेली हवी, कडेला फाटलेली हवी, आणि चपातीसारखी रुमालघडी होत असेल तर सावध. तांदळाची भाकरी उकड काढून केली तर मऊ राहते, तिला हा नियम लावू नका. तिथं विचारावंच लागतं.

तळणीचं तेल, हा तिसरा. साबुदाणा वडा उपवासाचा, पण कढईत आधी सामोसे पोहून गेलेले. कुरडई तर गव्हाचीच. पापडाच्या नावाखाली ताटात कुरडई येते आणि आपण सवयीनं मोडून तोंडात टाकतो. मासे-चिकन रव्यात घोळवलेले असतात, रवा म्हणजे गहूच हे लोकांच्या डोक्यात येत नाही. मी स्वतः एका ठिकाणी विचारलं, "गहू आहे का?" "नाही ताई, फक्त रवा." चायनीजचा सोया सॉस, तोही बहुतेक गव्हाचा. चिंगळ्या खा, नूडल्सच्या गाडीपासून लांब राहा, असं माझं आहे.

हिंग. हिंगावर मला किमान दहा मेसेज आलेत. दुकानात मिळणाऱ्या बांधणी हिंगाच्या डबीवर बघा, बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, कधी तांदळाचं. घरी मी तांदळाच्या पिठाचं हिंग वापरते, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. पण बाहेर? मी एकदा हिशेब केला. समजा चिमूट म्हणजे पाव ग्रॅम, त्यात निम्मा मैदा धरला, तर अख्ख्या टोपाला दहा-बारा मिलिग्रॅम ग्लुटेन. त्या टोपातून दहा जण जेवले तर माझ्या वाटीत एखाद मिलिग्रॅम. टाळता आलं तर टाळते, पण चुलीपाशी बसलेल्या बाईला मी सहा प्रश्न विचारू शकत नाही, दोन विचारू शकते. तर ते दोन प्रश्न हिंगावर नाही खर्च करायचे. एक पिठावर, एक परातीवर. हा माझा हिशेब आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारून तुमचा करा.

आता विचारायचं कसं. सुरुवातीला मी 'ग्लुटेन' म्हणायचे. समोरच्याचा चेहरा कोरा. मग 'गव्हाची ॲलर्जी' म्हणायला लागले. त्यावर लोक म्हणतात, "थोडं खाल्लं तर काय होतंय, गोळी घ्या." मग एका मावशींनी मला शब्द दिला. मार्गासनीवरून गुंजवण्याकडे वळतो ना आपण, त्या रस्त्याला. मी लांबलचक समजावत होते, त्यांनी मधेच तोडलं, "म्हंजी गहू सोसत नाय तुला." बस्स. 'सोसत नाही.' त्या दिवसापासून मी तेच म्हणते. त्याला कुणी गोळी सुचवत नाही.

दुसरा उपाय उपवास. हॉटेलात "उपवासाचं काय आहे" विचारलं की धान्य आपोआप बाजूला होतं, आणि लोक त्याला मान देतात. पण ही युक्ती मी आता वापरत नाही. एक तर कढईचा प्रश्न राहतोच. दुसरं, मी एकदा उपवास सांगून वरईचा भात मागवला आणि शेजारच्या टेबलवरचं चिकन बघून मला राहवलं नाही. वेटरनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं!

पण मला आज खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

वेल्ह्याजवळच्या एका वाडीत एक काकू घरगुती जेवण देतात. आधी फोन करायचा, माणसं सांगायची. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा निदान होऊन तीनच महिने झाले होते. अंगात नुसता कायदा भरला होता. इंटरनेटवरच्या याद्या पाठ. मी फोनवर काकूंना सांगितलं, "माझा तवा वेगळा लागेल. परात वेगळी लागेल. ताटपण मी माझं आणते. पाणी माझं आहे." पाण्याचा तर काही संबंधच नव्हता, ट्रेकची बाटली होती म्हणून बोलून गेले.

पोचलो. ओसरीवर पानं वाढलेली. काकूंनी सगळ्यांना वाढलं आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या. माझं स्टीलचं ताट मी पिशवीतून काढत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नाय का तुम्हाला?"

'तुम्हाला' म्हणाल्या. बाकी सगळ्यांना 'बाळा', 'पोरी', आणि मला 'तुम्हाला'.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कानामागे गरम झालं. वेगळं ताट. वेगळं पाणी. आमचा तवा नको. पुण्याहून आलेली मुलगी. हे त्यांनी, त्यांच्या आईनं, आजीनं कुणाकडून आणि कसं ऐकलं असेल, ते मला सांगायची गरज नाही. आपल्याकडे वेगळ्या भांड्याचा अर्थ पोटाच्या विकाराचा होत नाही. तो एकच होतो. मी पंचवीस वर्षं हे भांडं कुठल्या बाजूनं बघितलं होतं याचा मी कधी विचारच केला नव्हता.

ताट पिशवीत ठेवलं. म्हटलं, "काकू, तसं नाही हो." आणि मग पुढे शब्दच सुचेनात. मित्र मदतीला आला, "तिला आजार आहे." त्यानं आणखीनच बिघडलं, आता त्यांना वाटलं हिचा आजार आम्हाला लागेल म्हणून हिचं ताट वेगळं. शेवटी मी उठून आत चुलीपाशी गेले. कुठली परात, कुठलं पीठ, सगळं बोटानं दाखवत सांगितलं. गव्हाचा एवढा चुरा गेला तर माझं आतडं आतून सोलतं. रक्त भरत नाही. दोन वर्षं कुणाला कळलंच नव्हतं. त्या ऐकत होत्या. मग विचारलं, "तांदूळ चालतो?" चालतो. "नाचणी?" चालते. "मी केलेली?" तुम्ही केलेलीच चालते, म्हटलं, हॉटेलातली नाही चालत.

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "म्हंजी गव्हाचा इटाळ हाय तुला. मानसाचा नाय."

आणि मग बाईनं काय केलं, परात नुसती विसळली नाही, बाहेर नेऊन राखेनं घासली. तवा चुलीत उपडा तापवला. तांदळाचं पीठ घरच्या डब्यातलं होतं, गिरणीतलं, त्याची मला धाकधूक होतीच, म्हणून विचारलं कधी दळलं. "पायलीभर एकदम दळतो आमी, सुगीनंतर." म्हणजे नुसता तांदूळ, मोठ्या मापात. वरचं थोडं बाजूला काढून खालचं घेतलं. त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, पिठलं, भाजलेल्या मिरचीचा ठेचा. काही झालं नाही. त्यांच्या ताटात खाल्लं, त्यांचंच पाणी प्यायले.

आता मी फोनवर यातलं काही सांगत नाही. फक्त, "काकू, मला गहू सोसत नाही, मी लवकर येऊन तुमच्याजवळ बसते." आणि खरंच अर्धा तास आधी जाते, कांदा चिरते, बघते. जिथं चुलीपाशी जाऊन बसता येतं तिथं जेवते. जिथं काउंटरच्या पलीकडे काय चाललंय दिसत नाही, तिथं केळी आणि शेंगदाणे. इंटरनेटवरच्या सल्ल्यांत लिहितात, व्यवस्थापकाशी बोला, कार्ड दाखवा. इथं व्यवस्थापकाशी बोलून काय होणार? ज्या हाताला पीठ लागलंय त्या हाताशी बोलावं लागतं.

भोर शहराचं वेगळं आहे. तिथं मिसळ, वडापाव, थाळी, म्हणजे पाव आणि चपातीचं राज्य. मी राजवाड्याकडे गेले तर ताक पिऊन येते. लग्नाच्या पंगतीत वरण-भात, तोही वाढपी आधी पुरी वाढून त्याच हातानं भात वाढतो का ते बघून. जास्त बोलण्यासारखं तिथं काही नाही.

आजीबद्दल मात्र बोलायचंय. आजी सांगते, तिच्या लहानपणी त्या खोऱ्यात गहू म्हणजे सणाचा. पुरणपोळीला, पाहुण्याला. रोजचं म्हणजे तांदूळ, नाचणी, वरी. चपाती रोज खाणारं घर म्हणजे सुधारलेलं घर. मग रेशनवर गहू आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट. चांगलीच गोष्ट आहे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, भुकेल्याला गहू हवाच. पण घराघरातली परात मात्र बदलली. २०१६ साली एक मोठा अभ्यास छापून आला, तेवीस हजारांवर लोकांची रक्ततपासणी करून. सीलिॲकच्या खुणा उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येकडे ०.८७ आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के लोकांत सापडल्या. या आजाराकडे झुकवणारी जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात. मोठा फरक रोजच्या गव्हात होता: उत्तरेत माणशी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. म्हणजे धोका आत झोपलेला असतो असं म्हणू, आणि गहू हे त्याच्या जागं होण्याचं एक कारण. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा डिके नावाच्या डॉक्टरांना आधीपासून असलेला संशय पक्का झाला होता. ही आजारी मुलं दुष्काळात सुधारली आणि पाव परत आला तशी परत आजारी पडली.

हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मी तर कधीपासून सांगतीय, मला चपाती सोसत नाय." आणि ते खरं आहे. आजी कायम भाकरीच खायची. आम्ही सगळे हसायचो. मामी म्हणायची, आत्याबाईंना जुनंच हवं. मामा म्हणायचा, म्हातारीचे नखरे. आजीचं काय आहे ते मला माहीत नाही, ती तपासणीला तयार नाही, म्हणते आता ऐंशीत काय सुया टोचता. तिच्या न सोसण्याचं कारण दुसरंही असू शकतं. पण आई तयार झाली. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं, यांच्यात हा आजार निघण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून डॉक्टर सगळ्यांना तपासायला सांगतात. माझ्या आईचं हिमोग्लोबिन मला आठवतं तेव्हापासून नऊच्या वर गेलेलं नाही. "बायकांना असतंच" हे तिनं माझ्यापेक्षा तीस वर्षं जास्त ऐकलंय.

तिचं रक्त परवा दिलंय. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. गेल्या रविवारी तिला घेऊन त्याच काकूंकडे गेले होते. तपासणी व्हायची होती, म्हणून तिला चपाती वाढली, मला भाकरी. काकूंनी विचारलं, "हिला सोसतो व्हय?" आई म्हणाली, "बघायचंय अजून."

चला, वेळ झालाय. एक मागणं आहे. काकूंकडे जमतं कारण पीठ सुगीनंतर एकदम दळलेलं असतं, पण पावसाळ्याच्या शेवटी ते संपतं आणि मग गिरणीचा प्रश्न येतो. भोर, नसरापूर, विंझर, पाबे या बाजूला कुणाकडे घरघंटी असेल आणि तिच्यात फक्त तांदूळ-नाचणीच दळत असतील, तर मला कळवा. दळणाचे पैसे देईन, धान्य मी आणून देईन. आणि राजगडाच्या वाटेवर चोरदरवाज्याच्या खाली ताक विकणाऱ्या मावशी हे ऐकत असतील तर त्यांना सांगायचंय, मागच्या वेळचे वीस रुपये माझ्याकडे राहिलेत. सुट्टे नव्हते. येते मी.